सीआयडीपीसाठी एनसीव्ही तपासणी: केंद्र निवडताना काय बघावं, रिपोर्टमध्ये काय शोधावं

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘एनसीव्ही, फोर लिंब’ (म्हणजे चारही हातापायांच्या नसांमधून विजेचा संदेश किती वेगाने जातो याची तपासणी) असं लिहून आलं की घरातून पहिला प्रश्न येतो दराचा आणि दुसरा ‘शॉक फार लागतो का?’ हा. दोन्ही रास्त आहेत. पण शंका सीआयडीपीची असेल, म्हणजे क्रॉनिक इन्फ्लमेटरी डिमायलिनेटिंग पॉलिन्यूरोपथी या दुर्मिळ आजाराची, तर केंद्रात फोन करून आधी वेगळंच विचारावं: तपासणीपूर्वी हातापायाचं तापमान मोजता का? ‘मोजतो, तळहाताला ३३ आणि घोट्याला ३० अंश असल्याशिवाय सुरू करत नाही’ असं उत्तर आलं तर बिनदिक्कत जावं. समोरचा माणूस गोंधळला तर दुसरं केंद्र शोधावं.

इथे कुठल्या एका केंद्राची शिफारस नाही. परीक्षण आहे ते एनसीव्ही नावाने मिळणाऱ्या सेवेचं. मशीन पंचकुल्याच्या आरएमएसचं आहे की जपानी निहोन कोहडेनचं, यावर दर्जा ठरत नाही. तो ठरतो इलेक्ट्रोड लावणाऱ्या हातावर आणि त्याला दिलेल्या वेळेवर. चारही हातापायांची तपासणी नीट करायची तर तास-सव्वा तास लागतो. वीस मिनिटांत रुग्ण बाहेर आला असेल तर काहीतरी गाळलेलं असतं, आणि बहुतेक वेळा नेमकं तेच सीआयडीपीला लागणारं असतं.

आजाराबद्दल थोडक्यात. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड भागात रुग्ण वाढले तेव्हापासून ‘जीबीएस’, म्हणजे नसांवर अचानक हल्ला करणारा गिलियन-बारे सिंड्रोम, हे नाव घरोघरी माहीत झालं. सीआयडीपी त्याच कुळातला, पण संथ. जीबीएस चार आठवड्यांच्या आत आपलं सगळं रूप दाखवून थांबतो. सीआयडीपी आठ आठवडे उलटले तरी वाढतच राहतो, किंवा बरा वाटून पुन्हा उलटतो. काहींची सुरुवात हुबेहूब जीबीएससारखी होते आणि दोन महिन्यांनी पुन्हा ताकद गेली की मग लक्षात येतं. शरीराची प्रतिकारशक्ती नसांभोवतीच्या मायलिन या आवरणावर हल्ला करते. पायांत मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, उकिडवं बसलं की हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येत नाही, केस विंचरायला हात वर राहत नाहीत. खांदे-मांड्या आणि पंजे-पावलं दोन्ही, आणि दोन्ही बाजूंना साधारण सारखंच, हे याचं ठळक लक्षण. गुडघ्यावर, घोट्यावर हातोडी मारली तर झटका येत नाही. १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे कंप पावणारा धातूचा काटा, पायाच्या अंगठ्यावर ठेवला तर कंप जाणवत नाही. हे सगळं न्यूरॉलॉजिस्ट दहा मिनिटांत तपासतात आणि मग एनसीव्हीला पाठवतात.

एनसीव्हीत दोन गोष्टी वेगळ्या करायच्या असतात. नसेतला मूळ तंतू, म्हणजे अ‍ॅक्सॉन, झिजला असेल तर स्नायूत उमटणाऱ्या लाटेची उंची घटते, वेग फारसा ढळत नाही. आवरण झिजलं असेल तर वेग पडतो, लाट उशिरा येते, पसरते, वाटेत अडते. सीआयडीपी हा दुसऱ्या प्रकारातला. इलाज सुरू करायचा की नाही हे या फरकावर ठरतं, म्हणून तपासणीत हा फरक खोटा निर्माण होणार नाही याची काळजी घ्यावी लागते.

तो खोटा निर्माण करणारं पहिलं कारण म्हणजे एसी. मशीन तापू नये म्हणून खोली गार ठेवतात, रुग्ण बाहेर अर्धा तास पंख्याखाली बसलेला असतो आणि पाय बर्फासारखे असतात. त्वचेचं तापमान एक अंशाने उतरलं की वेग सेकंदाला साधारण दोन मीटरने घटतो. पाय २५ अंशांवर असतील तर दहा मीटर असेच गेले. शिवाय थंडीत लाटेची उंची कमी होत नाही, उलट थोडी वाढते. कागदावर दिसतं काय, तर उंची चांगली आणि वेग कमी! म्हणजे आवरण झिजल्याचंच चित्र. उपाय अगदी साधा आहे. कोमट पाण्याच्या बादलीत हातपाय दहा-पंधरा मिनिटं बुडवायचे, कोरडे पुसायचे, चादर घालायची आणि त्वचेला लावायच्या थर्मामीटरने मोजायचं. बधिर पायांना पाणी किती गरम आहे ते कळत नाही, म्हणून पाणी आधी दुसऱ्याने कोपर बुडवून बघायचं. गणिताने वेग ‘सुधारून’ लिहिण्यापेक्षा पाय गरम करणं केव्हाही चांगलं. रिपोर्टवर तापमानाचा आकडा छापलेला असेल तर त्या केंद्राला आमच्याकडून पूर्ण गुण.

दुसरी गफलत करंटच्या मात्रेत होते. झिजलेल्या आवरणाच्या नसेला जागं करायला जास्त करंट लागतो. नेहमीचा ०.१ किंवा ०.२ मिलिसेकंदाचा झटका पुरत नाही, तो ०.५, कधी १ मिलिसेकंदापर्यंत लांबवावा लागतो. करंट वाढवत जायचं, लाट मोठी व्हायची थांबली की आणखी वीस टक्के वर जाऊन नोंद घ्यायची, हा नियम. मनगटाशी हे नीट होतं, कारण नस वरवर असते. कोपराशी आणि काखेत नस खोल जाते, रुग्ण कळवळतो, आणि तंत्रज्ञ दया येऊन थांबतो. मग कोपरापासूनची लाट लहान दिसते आणि रिपोर्टमध्ये ‘कंडक्शन ब्लॉक’, म्हणजे संदेश वाटेत अडल्याचा शेरा, लिहिला जातो. तो ब्लॉक नसेत नसतो, झटका कमी पडल्याने दिसलेला असतो. रुग्णाला आधी सांगून, दोन झटक्यांमध्ये श्वास घ्यायला वेळ देऊन पूर्ण मात्रा देणारा तंत्रज्ञ हाच खरा कनवाळू.

मीडियन आणि अल्नर या हाताच्या दोन मुख्य नसा. काही जणांच्या बाहूत, म्हणजे कोपर ते मनगट या भागात, मीडियन नसेतले काही तंतू अल्नरमध्ये सरकलेले असतात. त्याला मार्टिन-ग्रूबर जोड म्हणतात, तो जन्मजात असतो आणि दुर्मिळ अजिबात नाही. अल्नरची लाट मनगटाशी मोठी आणि कोपराखाली लहान दिसली की आधी मीडियनला कोपराशी झटका देऊन करंगळीच्या स्नायूत लाट येते का ते बघायचं. हे दोन मिनिटांचं काम टाळलं तर निरोगी हातावर ब्लॉकचा शिक्का बसतो.

कुठल्या नसा तपासायच्या हेही ठरलेलं आहे. युरोपियन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजी आणि पेरिफेरल नर्व्ह सोसायटी यांनी २०२१ साली मार्गदर्शक निकष सुधारले. त्यानुसार एका बाजूच्या हाताच्या मीडियन व अल्नर आणि पायाच्या पेरोनियल व टिबियल या चार चालक, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या, नसा तपासायच्या. निकष पुरे झाले नाहीत तर दुसऱ्या बाजूच्या त्याच नसा, आणि हाताच्या दोन्ही नसांना काखेत व मानेच्या मुळाशी, म्हणजे अर्ब्ज पॉइंटला, झटका देऊन बघायचं. जोडीला संवेदी नसा, त्यातल्या किमान दोन बिघडलेल्या असायला हव्यात. ‘टू लिंब’ दर निवडून दोन्ही पायच तपासून घेणारे बरेच असतात. सीआयडीपीत हे पैसे वाया जातात, कारण निदानाचा मोठा भाग हातांत सापडतो. पायांत अ‍ॅक्सॉनही झिजलेले असतात, लाटा इतक्या लहान होतात की त्यांवरून काही बोलता येत नाही.

आता एक पान जवळून वाचू. आकडे समजावून सांगण्यासाठी घेतलेले आहेत. मर्यादा प्रत्येक प्रयोगशाळेच्या थोड्या वेगळ्या असतात.

उजवी मीडियन. मनगटापासूनची लाट ७.० मिलिसेकंदांनी आली. प्रयोगशाळेची कमाल मर्यादा ४.४; निकषाला ती ५० टक्क्यांनी ओलांडावी लागते, म्हणजे ६.६. ओलांडली. बाहूतला वेग सेकंदाला ३२ मीटर. किमान मर्यादा ४९; ३० टक्के खाली म्हणजे ३४.३. त्याच्याही खाली. मनगटापासून लाटेची उंची ६.४ मिलिव्होल्ट, कोपरापासून ३.०, म्हणजे निम्म्याहून जास्त घट. निकष ३० टक्क्यांचा. लाटेची रुंदी मनगटाशी ६.२ मिलिसेकंद होती ती कोपराशी ९.६ झाली, ५५ टक्क्यांनी पसरली. इथेही निकष ३० टक्क्यांचा. एफ वेव्ह, म्हणजे मज्जारज्जूपर्यंत जाऊन परत येणारी लाट, ४२ मिलिसेकंदांना. मर्यादा ३१, वीस टक्के जादा म्हणजे ३७.२. तीही पार. मनगटाची लाट मात्र ६.४ मिलिव्होल्ट, म्हणजे तंतू शाबूत आहेत. हे चांगलं लक्षण, कारण इलाजाने परत मिळण्यासारखं अजून पुष्कळ आहे.

एवढ्यावर निदान होत नाही. नस एकच झाली, निकषांना दोन लागतात. शिवाय मनगटाशी झालेला उशीर कार्पल टनेलमुळेही, म्हणजे तिथे नस दबल्यानेही, असू शकतो, म्हणून मीडियनचा तो आकडा एकट्याने धरत नाहीत. मग उजवी अल्नर बघायची: मनगट ते कोपराखाली वेग ३३. दोन नसांत वेगाचा निकष पुरा झाला. (अल्नर कोपराच्या वळणावर दबते, म्हणून मोजणी कोपराच्या खालचीच धरायची.) बोटांच्या संवेदी लाटा मीडियनमध्ये गायब, अल्नरमध्ये लहान, पण पायाच्या स्यूरल नसेत १४ मायक्रोव्होल्ट, व्यवस्थित. हात बिघडलेला आणि स्यूरल वाचलेली, ही उलटी जोडी मधुमेहात सहसा दिसत नाही. ती दिसली की सीआयडीपीकडे कल वाढतो.

याच्या शेजारी दुसरं पान ठेवा. पेरोनियलची उंची ०.६ मिलिव्होल्ट, वेग ३६. टिबियलचा वेग ३७. स्यूरल आली नाही. हात जवळजवळ ठीक. खाली निष्कर्ष: ‘डिमायलिनेटिंग पॉलिन्यूरोपथी’. हा निष्कर्ष चूक आहे. वेगाची किमान मर्यादा ४० असेल तर निकषाला २८ च्या खाली जावं लागतं. ३६-३७ ही तंतू झिजल्यावर होणारी किरकोळ घट आहे. हे पान बहुधा जुन्या मधुमेहाचं. त्यात पेरोनियलची नोंद पावलावरच्या ज्या छोट्या स्नायूतून घेतात तो कित्येकदा वर्षानुवर्षं चपला-बुटांच्या दाबाने आधीच रोडावलेला असतो. लाट फारच लहान आली तर नडगीवरच्या टिबियालिस अँटीरियरमधून पुन्हा नोंद घ्यायला हवी. अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सीआयडीपीचं निदान घेऊन आलेल्या रुग्णांपैकी जवळपास निम्मे निकषांत बसत नव्हते, आणि चुकीमागचं एक मोठं कारण अशा किरकोळ मंद वेगाला दिलेलं अवाजवी महत्त्व हेच होतं.

म्हणूनच रिपोर्ट घेताना नुसता दोन ओळींचा निष्कर्ष घेऊन घरी येऊ नये. आकड्यांचे तक्ते आणि लाटांचे आलेख छापून मागावेत. ते मशीनमध्ये असतातच. पसरलेली लाट आकड्यांत लपते, आलेखात लगेच दिसते. एफ वेव्हच्या रेघा मोजाव्यात, प्रत्येक नसेच्या किमान दहा हव्यात. तीन-चारच असतील तर ‘एफ वेव्ह अनुपस्थित’ या वाक्याला अर्थ नाही. आलेख द्यायला नकार देणाऱ्या केंद्राचा रिपोर्ट दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टच्या काही उपयोगाचा नसतो, मग दर कितीही कमी असो.

चांगल्या रिपोर्टमध्ये आणखी एक शब्द सापडतो: बिघाड ‘असमान’ आहे की ‘एकसारखा’. सीआयडीपीत झीज ठिकठिकाणी असते. एक नस ३० वर, दुसरी ४२ वर, एकीत ब्लॉक, दुसरीत नाही. सगळ्या नसा दोन्ही बाजूंना सारख्याच विशीत धावत असतील, ब्लॉक कुठेच नसेल, पावलांना खोल कमान असेल आणि घरात आणखी कुणाची चाल तशीच असेल, तर तो शारको-मारी-टूथ हा आनुवंशिक आजार असण्याची शक्यता मोठी. तिथे प्रतिकारशक्तीवरच्या औषधांचा उपयोग नाही. जनुकीय चाचणी करावी.

आणि आपल्याकडे कुष्ठरोग विसरून चालत नाही. परदेशी निकष वाचून काम करताना हे नाव यादीत खाली जातं, पण महाराष्ट्रात ते वरच राहायला हवं. त्यातही नसा जाड होतात, त्यातही वेग पडतो, विशेषतः अल्नरचा कोपरापाशी. फरक हाताने कळतो. कोपरामागे अल्नर दोरीसारखी लागते का, मान वळवल्यावर कानाखालची नस उठून दिसते का, अंगावर कुठे फिकट किंवा लालसर बधिर चट्टा आहे का? कुष्ठरोगात बधिरता गार कातडीच्या भागांत तुकड्या-तुकड्यांनी असते आणि हातोडीचे झटके बराच काळ टिकून राहतात. सीआयडीपीत ते आधीच गेलेले असतात. शंका राहिली तर त्वचेची किंवा नसेची बायोप्सी. स्टेरॉइड दोन्ही आजारांत दिलं जातं, त्यामुळे चुकीच्या निदानावरही काही दिवस बरं वाटतं. पण कुष्ठरोगाची बहुऔषधी सुरू झाली नाही तर आतला जंतू तसाच राहतो.

बाकीच्या तपासण्या पूरक. पाठीतलं पाणी तपासतात ते प्रथिनं वाढलीत आणि पेशी वाढल्या नाहीत, हे बघायला. प्रथिनं पन्नाशीच्या आत डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर आणि पन्नाशीनंतर ६० च्या वर असली तरच वाढलेली म्हणावीत. ४५ ची जुनी सरसकट मर्यादा बऱ्याच लॅब अजून छापतात. मधुमेहानेही हा आकडा चढतो. पेशी दहाच्या वर असतील तर एचआयव्ही, इतर संसर्ग, लिम्फोमा यांचा विचार. एनसीव्ही आणि लक्षणं दोन्ही स्पष्ट असतील तर पाठीत सुई घालण्याची गरज नसतेही. नसांची सोनोग्राफी वेदनारहित आणि उपयोगी: मीडियनचा छेद बाहूत १० चौरस मिलिमीटरच्या वर किंवा दंडात १३ च्या वर असेल तर बाजू भक्कम होते. पण नसा रोज बघणारा रेडिओलॉजिस्ट हवा. पोटाची सोनोग्राफी करणाऱ्याकडे ‘हेही बघा’ म्हणून पाठवण्यात अर्थ नाही.

रक्तात साखर, बी१२, थायरॉइड, क्रिएटिनिन, एचआयव्ही आणि सीरम इलेक्ट्रोफोरेसिस इम्युनोफिक्सेशनसह, म्हणजे रक्तातली प्रथिनं वेगळी करून बघणारी चाचणी. हे शेवटचं हमखास राहतं. मोनोक्लोनल, म्हणजे एकाच पेशीकुळाने बनवलेलं, प्रथिन सापडलं तर वाट अ‍ॅन्टी-मॅग किंवा पोएम्स या वेगळ्या आजारांकडे वळते आणि औषधं बदलतात. हातांना ठळक थरथर, तोल जाणं, आयव्हीआयजीला (शिरेतून दिल्या जाणाऱ्या इम्युनोग्लोब्युलिनला) दाद न देणं, लघवीतून प्रथिनं जाणं, यातलं काही असेल तर न्यूरोफॅसिन-१५५, कॉन्टॅक्टिन-१ आणि कॅस्पर-१ या अ‍ॅन्टिबॉडी पाहाव्यात. २०२१ च्या निकषांनी हे रुग्ण सीआयडीपीतून बाहेर काढून ‘ऑटोइम्यून नोडोपथी’त टाकले आहेत, आणि त्यांना रिटुक्सिमॅब जास्त लागू पडतं.

तपासणीला जाताना अंघोळ करून जावं, अंगाला तेल किंवा क्रीम लावू नये, कारण त्यावर इलेक्ट्रोड धरत नाही. बांगड्या, अंगठ्या, पैंजण घरी ठेवावेत, बाह्या आणि पायजमा वर सरकेल असे कपडे घालावेत. उपाशी राहायची गरज नाही. पेसमेकर किंवा डिफिब्रिलेटर बसवलेला असेल तर आधीच सांगावं. एनसीव्हीत सुई नसते. जोडीला ईएमजी, म्हणजे स्नायूंची विद्युत तपासणी, असेल तर स्नायूत बारीक सुई जाते, तेव्हा रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास कळवावं आणि सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडून घ्यावं.

या सगळ्या काटेकोरपणामागे हिशेब आहे. आयव्हीआयजीची पहिली मात्रा वजनाच्या दर किलोला २ ग्रॅम, दोन ते पाच दिवसांत विभागून. साठ किलोच्या माणसाला १२० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या २४ बाटल्या. खर्च लाखांत जातो आणि गुण टिकवायला पुढे पुन्हा द्यावं लागतं. स्टेरॉइड स्वस्त आहे, पण मधुमेह आणि हाडांवर त्याची किंमत मोजावी लागते. पहिली बाटली लावण्याआधी रक्ताचे सगळे नमुने घेऊन ठेवावेत. आयव्हीआयजी हजारो दात्यांच्या रक्तातून बनतं, त्यांच्या अ‍ॅन्टिबॉडी रुग्णाच्या रिपोर्टमध्ये उतरतात आणि हिपॅटायटिस बीसारख्या चाचण्या खोट्या पॉझिटिव्ह येतात. पाठीचं पाणीही आधीच काढावं, कारण नंतर प्रथिनं आणि पेशी औषधानेही वाढू शकतात.

त्याच दिवशी हाताची पकड डायनॅमोमीटरवर मोजून आकडा लिहून ठेवावा, दहा मीटर चालायला किती सेकंद लागतात तेही. ‘बरं वाटतंय’ यावरून पुढची मात्रा ठरवू नये. तीच मोजणी, त्याच हाताने, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी पुन्हा करावी. एनसीव्ही परत करायची वेळ आली तर त्याच केंद्रात, त्याच मशीनवर, पुन्हा ३३ अंशांवर. लाटा सुधारायला ताकदीपेक्षा जास्त वेळ लागतो, त्यामुळे माणूस जिना चढू लागला तरी आलेख महिनोन्महिने जुनाच दिसू शकतो. त्या जुन्या आलेखावरून औषध अपयशी ठरवणाऱ्या रिपोर्टवर विसंबून इलाज बंद करू नये.